सलगमाला डावं-उजवं नसतं

रात्री तीनला ओउलूच्या ऑफिसात कुणी नसतं.
सर्व्हरवर एक ब्राउझर उघडतो,
कुठल्याच पडद्यावर न उमटता,
आणि मी दिवसा लिहून ठेवलेलं निमूट करत जातो:
लॉगिन कर.
यादीतला तिसरा रुग्ण उघड.
चाळिसाव्या कापापर्यंत खाली जा.
उजेड वाढव, कमी कर.
चित्र आडवं उलटव.
थांब.
आता फोटो काढ, ठेवणीतल्या फोटोशी ताडून बघ,
शंभरात दोन ठिपके चुकले तर सोडून दे.

तिसरा रुग्ण म्हणजे एक सलगम.
माणसाचं वापरायचं तर परवानग्या, सह्या, नाव खोडणं,
म्हणून आउलिसने बाजारातून ते आणलं,
रविवारी सीटीच्या मोकळ्या मशीनवर उताणं झोपवलं.
(सलगम उताणं की पालथं, यावर वाद झाला.)
नाव: लांट्टु. वय: तीन महिने. तक्रार: काही नाही.
फार हसलो होतो तेव्हा.
आतून देखणं होतं ते, फिकट वलयांचं,
मधोमध एक भेग, अगदी मधोमध.

चौदा महिने सगळं हिरवं.
इतकं हिरवं की मी बघायचं सोडलं.

जानेवारीत केमीहून फोन आला.
मिर्वा कोक्कोनिएमी, तिथल्या रेडिओलॉजिस्ट.
आवाज चढवला नाही त्यांनी.
चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.
म्हणाल्या, एक म्हातारे कोळी आहेत, खोकल्यासाठी आलेले.
चित्र उलटवलं की तुमच्या पडद्यावर
त्यांचं हृदय उजवीकडे दिसतं.
असतं तसं एखाद्याचं.
म्हणून मी उठले, दोन मजले उतरले,
आणि त्यांच्या छातीवर हात ठेवून आले.
डावीकडेच आहे.

दुपारी तीनला बाहेर अंधारलं तेव्हा सापडलं:
बटण दाबलं की कडेची अक्षरं जागा बदलायची,
चित्र मात्र जागचं हलायचं नाही.
माझी चाचणी रोज विचारायची, अक्षरं बदलली?
बदलली.
चित्र जुळतं?
जुळतं की. उलटवा, नका उलटवू,
सलगम ते सलगमच,
दोन ठिपके इकडे, दोन तिकडे.
तिने मला एकदाही खोटं सांगितलं नव्हतं.
मीच तिला असं काही दिलं होतं
ज्याच्याबद्दल खोटं बोलताच येत नाही.

डावं-उजवं करू नये म्हणतात.
बरोबरच आहे.
पण या कामात तेवढंच तर करायचं होतं.

आउलिसच्या मुलीचा, सेलाचा, लोकरी हातमोजा घेतला. डावा.
त्यात गोठलेल्या लिंगनबेरी ठासून भरल्या.
अंगठ्याच्या टोकात नाणं टाकू, मी म्हटलं.
नको, धातूच्या रेघा पडतात, तो म्हणाला. वाटाणा टाक.
वाटाणा टाकला.
मशीनवर मोजा एकटाच आत सरकत गेला,
आणि या वेळी हसलो तरी बेतानं.

आधी जुन्याच, बिघडलेल्या प्रोग्रामवर चालवलं.
लाल.
चौदा महिन्यांत पहिल्यांदा लाल.
टाळी दिली आम्ही एकमेकांना,
शेजारच्या खोलीतला माणूस डोकावून गेला,
लाल बघून कुणी टाळ्या देतं का?
मग दुरुस्ती. मग हिरवं.
त्या हिरव्याकडे मी बराच वेळ बघत बसले,
उसने पैसे परत करणाऱ्याकडे बघावं तसं.

मोजा सेलाला परत गेला.
आतून जांभळा झालाय, तिची कुरकुर,
पण घालते. उणे बावीस आहे.

केमीच्या त्या माणसाच्या खोकल्याचं काय निघालं,
आम्हाला कळत नाही.
ते आम्हाला कळू नये, अशीच या प्रोग्रामची रचना आहे,
आणि त्याचीही एक चाचणी आहे, माझीच.

रात्री तीनला कुणी नसतं.
ब्राउझर उघडतो, अंगठा कुठल्या बाजूला आहे ते बघतो,
बंद होतो.
मोजा यादीत चौथा आहे.
सलगम अजून तिसरंच.
काढून टाकायला दोनदा गेले.